स्वनिर्मित विमानांतील वितळतार-दर्शक दीप : एक ऐतिहासिक विवेचन

तंत्रविद्येच्या इतिहासात एंजिने, पंख, धातू यांसारख्या मोठ्या विषयांना स्थान मिळते; लहान साधनांकडे सहसा कोणी वळत नाही. विमानाच्या उपकरण-फलकावरील, एखादी वितळतार म्हणजेच फ्यूज जळाल्यास पेटणारा तांबडा दिवा हे असेच एक उपेक्षित साधन होय. त्याची रचना विद्यार्थ्यालाही समजेल इतकी सोपी असून मूल्य नगण्य आहे. तथापि स्वतःचे विमान स्वतः बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये हा दिवा बसवावा की नाही याविषयी दीर्घकाळ मतभेद राहिला आहे. या मतभेदाचे मूळ दिव्याच्या गुणदोषांत नसून, उड्डाण चालू असता विजेच्या दोषाशी वैमानिकाने कसे वागावे याविषयीच्या दोन परस्परभिन्न कल्पनांत आहे, आणि या कल्पना दोन वेगळ्या कालखंडांचा वारसा आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. वितळतारेची पूर्वपीठिका

वितळतारेची कल्पना विमानापेक्षा बरीच जुनी आहे. तारायंत्राच्या केंद्रांवर वीज कोसळून यंत्रे निकामी होत, म्हणून फ्रान्समध्ये लुई ब्रेगे याने १८४७ मध्ये केंद्रात शिरणाऱ्या तारेचा काही भाग मुद्दाम बारीक ठेवावा असे सुचविले. बारीक तार आधी जळते आणि मोलाचे यंत्र वाचते, एवढेच त्यातील तत्त्व. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हा नियम जूलने १८४१ च्या सुमारास मांडला होता. ब्रेगेच्या सूचनेमागील कार्यकारणभाव त्यातून स्पष्ट होतो. पुढे एडिसनने विद्युत् दिव्यांच्या जाळ्याची योजना आखताना अशा संरक्षक तारेचे एकस्व १८८० मध्ये मिळविले, आणि घरोघरी वीज पोहोचू लागल्यावर वितळतार हा विद्युत् मंडलाचा आवश्यक घटक बनला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वितळतारेचे कार्य यंत्राचे रक्षण करणे हे आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. व्यवहारात ती प्रथमतः तारेचे रक्षण करते. यंत्रात किंवा मार्गात मंडलसंक्षेप, म्हणजे शॉर्ट सर्किट झाले असता तार तापून तिचे वेष्टन पेटू नये, यासाठी वितळतार स्वतःचा बळी देते. जळलेली वितळतार हा दोष नव्हे. दोष अन्यत्र घडून गेल्याचा तो पुरावा होय. पुढील सर्व विवेचन या भेदावर अवलंबून आहे.

वितळतारेची दुसरी विशेषता तिच्या मौनात आहे. ती जळताना आवाज होत नाही आणि काचेच्या नळीत असेल तर जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. या मौनाला वाचा फोडण्याचे प्रयत्न जमिनीवरील विद्युत् व्यवस्थेत झाले व त्यासाठी निऑन वायूचा छोटा दिवा सोयीचा ठरला. परंतु असा दिवा पेटण्यास साधारणतः साठ ते नव्वद व्होल्ट इतका दाब लागतो. घरगुती पुरवठ्यात तो सहज उपलब्ध असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या विमानात तो नसतो. विमानात दर्शक दिवा उशिरा आला याचे एक कारण या साध्या भौतिक अडचणीत सापडते.

२. स्वनिर्मित विमानात विजेचा प्रवेश

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात विजेचा उपयोग केवळ एंजिनातील मिश्रण पेटविण्यापुरता होता, आणि त्यासाठी लागणारी वीज एंजिनच मॅग्नेटोद्वारे निर्माण करी. मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतो. त्यामुळे विमानातील इतर सर्व वीज नाहीशी झाली तरी एंजिन चालू राहते. हे स्वातंत्र्य पुढे अनेक दशके हलक्या विमानांच्या सुरक्षिततेचा पाया राहिले.

हौशी बांधणीची परंपराही जवळजवळ तितकीच जुनी आहे. सांतोस-द्यूमाँ याच्या ‘देम्वाझेल’ विमानाचे आराखडे १९१० मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय यांत्रिक मासिकातून प्रसिद्ध झाले. बर्नार्ड पीटनपोल याने फोर्ड मोटारीच्या एंजिनावर उडणारे ‘एअर कँपर’ १९२९ मध्ये सिद्ध केले. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने सामान्य कारागिरालाही विमान बांधता येईल असा विश्वास निर्माण केला. मात्र त्याच्या आराखड्यावरील विमानांना झालेल्या प्राणघातक अपघातांमुळे त्या विमानावर निर्बंध आले. या काळातील बहुतेक स्वनिर्मित विमानांत प्रज्वलनाखेरीज विद्युत् व्यवस्था नव्हती. जेथे वीज नाही तेथे वितळतार नाही, आणि वितळतार नाही तेथे दर्शक दिव्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. जॉर्ज बोगार्डस याने १९४७ मध्ये स्वनिर्मित विमानातून ऑरेगॉनहून वॉशिंग्टनपर्यंत उड्डाण करून हौशी विमानांना कायदेशीर मान्यता मिळावी यासाठी प्रयत्न केले. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी याने मिलवॉकी येथे प्रायोगिक विमानांच्या हौशी बांधकांची संघटना स्थापन केली. बांधणीचा मोठा भाग व्यक्तीने स्वतः, शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी केला असेल तर विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात उड्डाणाची अनुमती मिळावी, हे तत्त्व अमेरिकेत रूढ झाले. ही प्रेरणा एका देशापुरती राहिली नाही. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईच्या औद्योगिक प्रदर्शनात मांडले गेले, हे येथील वाचकांस स्मरत असेल.

प्रायोगिक वर्गाचा एक परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारखान्यात बनणाऱ्या विमानाची विद्युत् व्यवस्था शासनाच्या तपशीलवार नियमांना बांधलेली असते. स्वनिर्मित विमानाच्या बांधकाला मात्र तारेची जाडी, वितळतारेचे स्थान, दिव्याची योजना ही सर्व स्वतः ठरविता येतात. हे स्वातंत्र्य मोठे आहे व त्याबरोबर येणारी जबाबदारीही तितकीच मोठी आहे. आराखडा चुकला तर त्याची परीक्षा बहुधा बांधकाच्याच प्राणांवर होते.

३. सुट्या वितळतारेचे युग

महायुद्धोत्तर हलक्या विमानांत जनित्र, रेडिओ, दिशादर्शक दिवे आणि स्वयंचलित आरंभक आले, तसे उपकरण-फलकावर वितळतारांच्या गोल टोप्याही आल्या. या तारा मोटारीसाठी तयार झालेल्या काचेच्या नळीतील होत्या. टोपी फिरवून जळालेली नळी काढावी व नवी बसवावी, हा क्रम वैमानिकाने आसनावरून पार पाडावा अशी अपेक्षा असे.

नियमांतही हीच अपेक्षा प्रतिबिंबित झाली. अमेरिकेच्या उड्डाणविषयक नियमांनुसार रात्रीच्या प्रवासात वितळतारांचा एक संपूर्ण सुटा संच, किंवा आवश्यक अशा प्रत्येक प्रकारच्या तीन सुट्या तारा, वैमानिकाच्या हाताशी असाव्या लागतात. हा नियम मुळात प्रमाणित विमानांसाठी असला तरी प्रायोगिक विमानांच्या उड्डाणविषयक अटींतून तो त्यांनाही लागू होतो. १९६५ पासून अमलात आलेल्या लहान विमानांच्या अर्हता-नियमांतही असे कलम होते की, एखादी वितळतार बदलणे वा मंडल-खंडक पूर्ववत करणे उड्डाणाच्या सुरक्षिततेस आवश्यक असेल, तर ते साधन उड्डाणात सहज हाताळता येईल अशा ठिकाणी असावे. या नियमावलीची २०१७ मध्ये पुनर्रचना झाली. तथापि तोपर्यंतच्या विमानरचनेवर या कलमाची छाप पडलेली दिसते.

या व्यवस्थेत एक गृहीतकृत्य दडलेले आहे. वितळतार जळाली तर ती बदलणे हेच वैमानिकाचे स्वाभाविक कर्तव्य, असे येथे मानले आहे. हे एकदा मान्य केले की पुढील प्रश्न आपोआप उभा राहतो : वीस तारांपैकी कोणती जळाली? अंधारात, हेलकावे खाणाऱ्या विमानात, एका हाताने सुकाणूदंड धरून वैमानिकाने एकेक टोपी उघडून पाहावी हे धोक्याचे होते. दर्शक दिवा हे या प्रश्नाचे तर्कशुद्ध उत्तर होते. मंडल-खंडकाने तेच उत्तर निराळ्या रीतीने दिले. त्यातील द्विधातू पट्टी तापून वाकली की बटण बाहेर उडी मारते आणि डोळ्यांना वा बोटांना दोष कोठे आहे ते कळते. म्हणूनच प्रमाणित विमानांत मंडल-खंडकांचा प्रसार झाला. ते महाग व जड असतात. अल्प खर्चात विमान बांधणाऱ्या हौशी माणसाने वितळतार ठेवली आणि बटणाची उणीव दिव्याने भरून काढण्याचा विचार केला, हे त्या परिस्थितीत साहजिकच होते.

४. दिव्याची रचना आणि तिच्या मर्यादा

या विचाराला दोन शोधांनी चालना दिली. १९६२ मध्ये निक होलोन्याक याने दृश्य तांबडा प्रकाश देणारा अर्धसंवाहक द्विप्रस्थ, म्हणजे एलईडी, तयार केला. त्याला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, त्यामुळे निऑनची अडचण दूर झाली. १९७६ मध्ये अमेरिकेतील लिटलफ्यूज कंपनीने मोटारींसाठी चपट्या पात्यांच्या वितळतारेचे एकस्व घेतले. रंगावरून तिची क्षमता ओळखू येते : दहा अँपिअरची तांबडी, पंधराची निळी, वीसची पिवळी. स्वस्त, हलक्या आणि सर्वत्र मिळणाऱ्या या वितळतारांचे ठोकळे स्वनिर्मित विमानांत आले.

दिव्याची जोडणी वितळतारेला समांतर असते. तार शाबूत असता तिच्या दोन टोकांतील दाबाचा फरक एक दशांश व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तेवढ्यावर द्विप्रस्थ पेटत नाही. तार जळताच विमानाचा जवळजवळ सर्व दाब दिव्यावर येतो. चौदा व्होल्टच्या व्यवस्थेत दिव्याचे दोन व्होल्ट वजा जाता बारा उरतात. बाराशे ओहमचा रोधक जोडल्यास एक शतांश अँपिअर प्रवाह वाहतो. इतका क्षीण प्रवाह दोषयुक्त मंडलात आग लावू शकत नाही, पण दिवा स्पष्ट दिसण्यास पुरेसा असतो.

या रचनेच्या मर्यादा मात्र नीट समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा अशी की, दिव्यातून जाणारा प्रवाह पुढे त्याच उपकरणातून परत जातो. उपकरणाचा खटका बंद असेल किंवा त्याची तार तुटलेली असेल तर मार्ग पूर्ण होत नाही, आणि वितळतार जळालेली असूनही दिवा अंधारा राहतो. दुसरी मर्यादा अशी की, दिवा स्वतः निकामी झाला तरी तो अंधाराच राहतो. म्हणजे पेटलेला दिवा काही सांगतो. न पेटलेला दिवा काहीच सिद्ध करीत नाही. याउलट जोडणी केली, म्हणजे तार शाबूत असेपर्यंत दिवा तेवत ठेवला, तर दिव्याचे मौनही बोलके होते. परंतु मग रात्री वीस दिवे सतत वैमानिकाच्या डोळ्यांपुढे जळत राहतात. सर्व ठीक असता फलक अंधारा असावा, या सर्वमान्य संकेताच्या हे विरुद्ध आहे.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वितळतारांचा ठोकळा एका ठिकाणी व दिवे फलकावर असतील, तर प्रत्येक दिव्यासाठी नवी तार व नवे सांधे येतात. दोष दाखविण्यासाठी केलेली योजना अशा रीतीने दोषाची स्थाने वाढविते. या जादा तारेला तिच्या उगमाशीच संरक्षण हवे. रोधक दिव्यापाशी ठेवला तर मधली तार उघडी पडल्यास तीच तापते. तो ठोकळ्यापाशी ठेवला तर तिच्यातून जाणारा प्रवाह नगण्य राहतो. ज्यांच्या अंगातच दिवा बसविलेला आहे अशा वितळतारा बाजारात आल्यावर ही अडचण टळली, पण त्यांचा दिवा ठोकळ्यावरच पेटतो. ठोकळा नजरेआड असेल तर उड्डाणात तो दिसत नाही.

शिवाय वितळतार जळण्याचा काळही निश्चित नसतो. पात्याच्या वितळतारेतून तिच्या क्षमतेच्या १३५ टक्के प्रवाह वाहिला तर ती पाऊण सेकंदात जळेल किंवा दहा मिनिटेही टिकेल. दोन्ही गोष्टी मानकाच्या कक्षेत बसतात. तारांच्या घर्षणातून उडणाऱ्या ठिणग्या तर कित्येकदा तिला कळतही नाहीत. १९९८ मध्ये स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्यानजीक कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या चौकशीत, विमानातील मंडल-खंडक सर्व प्रकारच्या विद्युत् ठिणग्यांपासून संरक्षण देण्यास समर्थ नव्हते, असे निष्पन्न झाले. ज्या साधनाला दोष कळला नाही त्याच्यावर बसविलेला दिवा तो दोष दाखवू शकत नाही, हे उघड आहे.

५. कल्पनेतील परिवर्तन

दिव्याच्या समर्थनामागील गृहीतकृत्यालाच आव्हान मिळाले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. विचिटा येथील विद्युत् तज्ज्ञ रॉबर्ट नकल्स यांनी हौशी बांधकांसाठी लिहिलेल्या ‘एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकात वेगळी भूमिका मांडली. त्यांच्या मते योग्य रीतीने आखलेल्या व्यवस्थेत वितळतार क्वचितच जळते, आणि जळते तेव्हा त्याला सबळ कारण असते. ती उड्डाणात बदलणे म्हणजे त्या कारणाला पुन्हा संधी देणे होय. म्हणून वितळतारा वैमानिकाच्या हाताशी नसल्या तरी चालेल. मात्र कोणतेही एक उपकरण गमावल्याने उड्डाण संकटात येणार नाही अशी आखणी मुळातच केली पाहिजे. उड्डाण पूर्ण करण्यास आवश्यक तेवढीच उपकरणे एका स्वतंत्र वितरण-पट्टीवर ठेवून तिला बॅटरीपासून दुसरा मार्ग द्यावा, ही त्यांची सूचना प्रसिद्ध आहे. या पट्टीला आरंभी ‘आवश्यक’ व पुढे ‘तग धरण्याची’ पट्टी असे नाव मिळाले. नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे : काय बिघडले, याऐवजी उरलेल्या विजेवर विमान किती काळ चालेल, हा प्रश्न पुढे आला.

या दृष्टीने पाहता वीस दिव्यांपेक्षा एकच दिवा अधिक मोलाचा ठरतो. अल्टरनेटर बंद पडून दाब तेरा व्होल्टच्या खाली गेला की पेटणारा हा इशारा-दीप असतो. अल्टरनेटर बंद पडल्याचे वेळीच न कळल्यास बॅटरी नकळत रिकामी होते व सर्व उपकरणे एकामागून एक थांबतात. ज्या विमानांत मॅग्नेटोऐवजी विजेवर अवलंबून असणारे प्रज्वलन व इंधनपुरवठा योजलेला असतो, तेथे तर अखेर एंजिनही थांबते. राइट बंधूंच्या काळापासून चालत आलेले एंजिनाचे स्वातंत्र्य अशा विमानात उरत नाही, ही गोष्ट बांधकाने विसरता कामा नये.

पुनःस्थापनेच्या धोक्याचे दुःखद उदाहरण १० जुलै २००७ रोजी फ्लॉरिडातील सॅनफर्ड येथे घडले. एका सेस्ना ३१० विमानाच्या हवामान-रडारातून आदल्या दिवशी जळका वास आला होता. त्या वेळच्या वैमानिकाने रडार बंद करून त्याचा मंडल-खंडक ओढून ठेवला व दोषाची नोंद केली. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती न होताच विमान उडाले. आकाशात धूर झाला, आणि ते घरांवर कोसळून विमानातील दोघे व जमिनीवरील तिघे मरण पावले. खंडक पुन्हा दाबला गेला असावा असा चौकशी-मंडळाचा निष्कर्ष होता. मात्र मुख्य दोष त्याने, ज्ञात व अनिर्णित बिघाडासह विमान उड्डाणास सोडणाऱ्यांवर आणि ते नेणाऱ्यांवर ठेवला. हे विमान स्वनिर्मित नव्हते, आणि त्यात दर्शक दिव्याचाही प्रश्न नव्हता. परंतु त्यातून मिळणारा बोध दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. आदल्या दिवशीच्या वैमानिकाला दोष कोठे आहे ते कळले होते. माहिती उपलब्ध होती. तिचा अर्थ पुढे पोहोचला नाही.

६. उपसंहार

वितळतार-दर्शक दिवा निरुपयोगी आहे असा या विवेचनाचा अर्थ नव्हे. जमिनीवर दुरुस्ती करताना, उपकरण बिघडले की त्याचा पुरवठा तुटला हे तो क्षणात सांगतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून प्रत्येक वितळतार उपसून पाहण्याचे श्रम वाचवितो. उड्डाणातही अमुक उपकरण आता मिळणार नाही हे निश्चितपणे कळणे काही कमी मोलाचे नाही. वैमानिक त्याचा नाद सोडून पुढील मार्ग आखू शकतो. ठोकळ्यापाशी रोधक ठेवून केलेली जोडणी, दिव्याच्या मौनावर विसंबून न राहण्याची सवय, आणि पेटलेला दिवा पाहून वितळतार न बदलण्याचा आधीच केलेला निश्चय, या तीन अटी पाळल्या तर त्याला फलकावर स्थान देण्यास हरकत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता मात्र हा दिवा दोन युगांच्या सीमेवर उभा आहे. सुट्या वितळतारा खिशात बाळगणाऱ्या वैमानिकाच्या प्रश्नाला तो उत्तर देतो. परंतु तो सुलभपणे तयार होऊ लागला तोपर्यंत तो प्रश्नच मागे पडू लागला होता. साधन टिकून राहते आणि ज्या गरजेपोटी ते जन्मले ती गरज बदलून जाते, हा तंत्रविद्येच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव होय. कारखान्यातील विमानाच्या बाबतीत अशा विसंगतीचा निर्णय नियम करणारी मंडळे करतात. स्वनिर्मित विमानाच्या बाबतीत तो निर्णय कार्यशाळेत, हातात तार व डाग देण्याचे साधन घेऊन बसलेल्या एकट्या माणसाला करावा लागतो. दिवा बसविण्यापूर्वी, तो पेटल्यावर काय करावयाचे, याचे उत्तर त्याच्यापाशी तयार असले पाहिजे.